डल्सीच्या खिडकीपुढचा बाक

न्यूफाउंडलंडच्या त्या किनारी गावात डल्सी पेनी पोस्ट सांभाळत होती, आणि गावाच्या मते गावही तीच सांभाळत होती. टपालाची गाडी यायच्या वेळी बायका विणकाम घेऊन खिडकीपुढच्या बाकावर ठाण मांडत. कुणाला काय आलं, कुणी काय धाडलं, सगळं तिथेच कळे. डल्सीलाही तोंडावर ताबा म्हणून नव्हता.

त्याच बाकावर बसणारी ब्राइड हिवाळ्यात आतड्याच्या कॅन्सरने गेली. पन्नाशीपुढच्या सगळ्यांसारखं तिलाही सरकारकडून शौचाच्या तपासणीचं पाकीट आलं होतं; घरीच नमुना भरून ते टपालाने परत धाडायचं. घर आवरताना ते ब्रेडच्या डब्यामागे सापडलं, न उघडलेलं. त्या दिवसापासून डल्सीच्या मनाने एकच धसका घेतला होता. आता व्हायलेट गेली तर? शाळेपासूनची तेवढी एकच मैत्रीण उरली होती.

"व्हाय, तुझं पाकीट कुठंय?"

"मला काही होत नाही, मग कशाला?" व्हायलेट म्हणाली. "आणि आणून देऊ कुणाला? तुला? या सगळ्यांच्या देखत? संध्याकाळपर्यंत धक्क्यावरचे कोळी माझ्या पोटाची चौकशी करतील!"

डल्सीला ते झोंबलं, कारण खरं होतं. गावातलं एकही पाकीट परत गेलं नव्हतं आणि त्यात तिच्या जिभेचा वाटा होता.

पुढच्या टपालाच्या दिवशी बाक भरलेला असताना तिने स्वतःचं पाकीट खिडकीत आपटलं. "हे माझं. आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकदाचं हसून घ्या!"

बायका हसून हसून बेजार झाल्या. हसू ओसरल्यावर व्हायलेटने शालीखालून आपलं पाकीट काढलं आणि गुपचूप आत सरकवलं. डल्सीला इतकं हायसं वाटलं की ती चक्क गप्प राहिली.

उत्तरंही तिच्याच हातून वाटली गेली. व्हायलेटला काही निघालं नाही. गावाची पत्रं वरूनच ओळखणाऱ्या डल्सीला स्वतःचं मात्र फोडवेना. शेवटी व्हायलेटने फोडून वाचलं. शौचात रक्ताचा अंश होता, दुर्बिणीने तपासायला शहरात बोलावलं होतं.

"चल, गाडी मी काढते," ती म्हणाली. वाटभर दोघी ब्राइडबद्दल बोलल्या आणि रडल्या.

आतड्यात एक गाठ निघाली. अजून कॅन्सर झाला नव्हता, पण राहिली असती तर पुढे होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. तिथल्या तिथे काढून टाकली.

टपालाच्या दिवशी डल्सी परत खिडकीत उभी होती. बाकावरच्या मेविसचं पाकीट आलं होतं. मेविसने ते पाहिलं आणि हात मागे घेतला.

"राहू दे गं. मला कुठे काय होतंय?"

डल्सी नेहमीपेक्षा हळू बोलली.

"मलाही काही होत नव्हतं, मेविस."

मेविसने पाकीट घेतलं.