विसावी विद्यार्थिनी

चंदर गावितच्या डाव्या भुवईत एक जुनी खोक होती. आश्रमशाळेत असताना अधीक्षकाने त्याला लोखंडी झाऱ्याने मारलं होतं, कारण त्याने विचारलं होतं की आमटीत डाळ कुठे आहे. सुरगाण्याकडच्या पाड्यावरचं पोर, पण मार खाऊन गप्प बसणाऱ्यातलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच झाऱ्याने त्याने अधीक्षकाचा गुडघा फोडला आणि पायी घरी निघून आला. घरी बापाने बदडलं आणि दुसऱ्या आश्रमशाळेत नेऊन घातलं. हे सगळं तो आम्हाला स्टाफरूममध्ये हसत सांगायचा. मला मात्र कधी हसू आलं नाही.

असा हा माणूस आमच्या नाशिकच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. बारा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर मानधन, नाही तर घरी. मी भूगोलाची, कायम नोकरीतली, त्यामुळे मला फुकटचे उपदेश करायला काय जात होतं? वर्गात त्याची एक ठरलेली सवय होती. कोणी काही ठामपणे बोललं की तो शांतपणे विचारायचा, "कशावरून?" पोरं आधी चिडायची, मग एकमेकांना विचारायला लागायची. कँटीनवाल्याने समोसा ताजा आहे म्हटलं तरी कोणीतरी मागून ओरडायचं, "कशावरून?"

मग नवं शैक्षणिक धोरण आलं. पहिल्या वर्षी थोडं थोडं सगळं चाखायचं, दुसऱ्या वर्षी एक मुख्य विषय घ्यायचा आणि जोडीला एक मायनर, म्हणजे दुय्यम विषय. कागदावर छान वाटतं. पण आमच्या कॉलेजने नियम केला की मायनरला वीस विद्यार्थी मिळाले नाहीत तर तो विषय त्या वर्षी बंद. झालं, प्राध्यापकच एकमेकांच्या जिवावर उठले. जूनमध्ये गेटपाशी विषयवार टेबलं लागायला लागली. एकदा इतिहास आणि अर्थशास्त्राच्या दोघांनी एकाच मुलाचे दोन हात धरून ओढले, त्याचा शर्ट बगलेपासून फाटला, आणि मग त्या दोघांनी तिथेच एकमेकांच्या कानाखाली वाजवल्या. डॉक्टरेट झालेली माणसं ही. मुलाने शेवटी राज्यशास्त्र घेतलं.

त्या वर्षी चंदरकडे एकोणीस नावं होती. विसावी होती चैताली.

ही त्र्यंबक रस्त्याकडची मुलगी. पहिल्या वर्षी तिने तर्कशास्त्राचा छोटा पेपर सहज म्हणून घेतला आणि तिला त्याची चटकच लागली. घरीसुद्धा ती "कशावरून?" विचारायला लागली. मुलीने संध्याकाळी बाहेर पडू नये, कशावरून? तुझ्यासाठी पाहिलेलं स्थळ चांगलं आहे, कशावरून? तिचा मोठा भाऊ दिनेश भाविकांना त्र्यंबकला नेणाऱ्या गाड्या चालवायचा. त्याच्या डोळ्यांत हा विषय तेव्हापासूनच खुपत होता.

त्यात आमच्या आल्हादने काडी टाकली. आल्हाद मानसशास्त्राचा, कायम, गोरागोमटा, गोड बोलणारा. त्याचा वर्ग भरून उतू जात होता, तरी त्याला दुसरी तुकडी हवी होती. त्याने घरोघर फोन लावले. दिनेशला म्हणाला, तत्त्वज्ञान घेऊन मुलीचं वर्ष वाया जाईल, मानसशास्त्र द्या, विषय बदलायची मुदत उद्या संध्याकाळपर्यंतच आहे. हे कळलं तेव्हा मला त्याचा गळा दाबावासा वाटला. अजूनही वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दिनेश कॉलेजात आला. ऑफिसच्या खिडकीपाशी चैताली उभी होती, मी आणि चंदर व्हरांड्यात.

"आल्हाद सर म्हणले तो विषय लिही," दिनेश म्हणाला.

"नाय लिहिणार."

"लय शिकली का तू? बापाला विचारती, कशावरून! माझ्या तोंडावर विचार ना आता."

तिने विचारलं. त्याने तिची वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं डोकं खिडकीच्या गजांवर आपटलं. पुन्हा आपटलं. कानावरून रक्त उतरून ओढणीवर सांडलं. भोवती शंभर पोरं असतील, सगळी मागे सरकली. चैताली गज धरून उभी होती आणि तसल्या अवस्थेतही मान हलवून नाही म्हणत होती.

आमच्याकडे घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे आणि शेजारी ती वाजवायचा हातोडा. चंदरने तो काढला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. पहिला घाव दिनेशच्या कोपरावर बसला आणि वेणी सुटली. दुसरा गळ्याजवळच्या हाडावर. ते मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. दिनेश खाली पडल्यावर तिसरा घाव घालायला चंदरने हात उचलला, तेव्हा मी आणि शिपायाने मिळून तो धरला. त्याच्या तोंडाला अक्षरशः फेस आला होता.

दुपारी दिनेशचे मित्र आले. चंदरची मोटारसायकल त्यांनी दगडांनी ठेचली, मग त्यालाही पार्किंगमध्ये आडवा पाडून तुडवला. दोन बरगड्या गेल्या. पोलीस आले, दोन्हीकडच्यांना दम दिला, आणि दोन्हीकडच्यांनी तक्रारी नकोत म्हणून सांगितलं. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजला बोभाटा नको होता. विषय बदलायची मुदत तेवढी चार दिवसांनी वाढवली.

त्याच चार दिवसांत प्राचार्यांनी चौकशी बसवली. बाई कडक, पण मनाने वाईट नाहीत. त्यांनी आदल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं, "मुलीला वाचवायला गेला एवढं त्याला म्हणू दे. मी सांभाळून घेते." मी तो निरोप चंदरला दिला होता. म्हणजे त्याचा वर्ग, त्याचे तास, सगळं त्या एका वाक्यावर होतं.

चैताली आधी बोलली. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. म्हणाली, "घरच्यांनी पुन्हा मारलं तरी मी विषय बदलणार नाही. सरांनी मला वाचवण्यासाठी हातोडा उचलला."

चंदर खुर्चीत बरगडी धरून बसला होता. म्हणाला, "कशावरून?"

कोणाला काही कळेना. प्राचार्या म्हणाल्या, "गावित सर, जेवढं विचारलंय तेवढंच बोला."

"मॅडम, मागच्या वर्षी आपल्याच पार्किंगमध्ये एका मुलीला तिचा नवरा लाथा घालत होता. मी वडापाव खात होतो. सगळा खाल्ला, हात धुतले, तासाला गेलो. ती माझ्या वर्गातली नव्हती. ही विसावी होती. हिच्या भावाने वेणी धरली तेव्हा मला मुलगी दिसली नाही. माझा वर्ग हातातून चाललेला दिसला."

हे खरं होतं. त्या दिवशी पार्किंगमध्ये त्याच्या शेजारी मीच उभी होते.

चैतालीने त्याच्याकडे उघड्या डोळ्याने पाहिलं. मग उठली, ऑफिसच्या खिडकीपाशी गेली आणि तत्त्वज्ञान काढून मानसशास्त्र घेतलं. भावाने गजांवर डोकं आपटून जे झालं नव्हतं, ते सरांच्या चार वाक्यांनी झालं. एकोणीस राहिले, आणि संध्याकाळी विषय बंद झाला.

मी चंदरला जिन्यात गाठलं. म्हटलं, "एक खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं?"

"मग वर्गात जाऊन काय शिकवलं असतं मी?" तो म्हणाला. एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने बरगडी धरून तो एक एक पायरी उतरत गेला. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्याचा आणखीच राग आला.

तो आता सुरगाण्याकडेच एका आश्रमशाळेत शिकवतो. तिथे कोणी पोरांवर झारा उगारला तर काय होईल, याची मला काळजी वाटते. त्याची नाही, झारेवाल्याची.

आल्हादला दुसरी तुकडी मिळाली. परवा स्टाफरूममध्ये तो लालबुंद होऊन आला आणि पुस्तक टेबलावर आपटलं. "ती चैताली," म्हणाला, "पहिल्या बाकावर बसते. दर वाक्याला कशावरून, कशावरून. पुस्तकात आहे म्हटलं तर म्हणते, पुस्तकात कशावरून आलं? एखाद दिवशी थोबाडीत देईन."

"दे ना," मी म्हटलं. "हातोडा कुठे टांगलेला असतो ते तिला माहीत आहे."