तांडेलांचा निरोप

तांडेलांना डावं-उजवं नव्हतं. कुठलीही जागा ते वाऱ्यावरून सांगत. चाकणच्या आमच्या कारखान्यात मोटारींच्या सीटची कव्हरं शिवली जात. वर पत्रा, चारी बाजूंनी भिंती, आणि वारा म्हणाल तर फक्त मोठ्या पंख्यांचा. तरी तांडेल सांगत, "दोऱ्याची रिळं वाऱ्याकडच्या कपाटात आहेत." कँटीनमध्ये डबा उघडताना म्हणत, "मी आपला वाऱ्याखाली बसतो, आज सुकट आहे." आमचा सुपरवायझर इथल्याच जुन्या गावातला, कांदा बाजाराच्या वाटेवर त्याचं घर. तो म्हणायचा, "आमाला वाऱ्याचं येवढंच कळतं, कांद्याचा वास आला की तो बाजाराकडनं आला. बाकी काय न्हाई." तांडेल हसत आणि मशीनवर पाय ठेवत.

ओळखपत्रावर त्यांचं वेगळं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपुरतं. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. ते स्वतः कधीच तो झाले नव्हते, त्यांचे वडील होते. कोणी विचारलं तर ते दुरुस्ती करत, "मी तांडेलाचा मुलगा. दोन्हींत एका होडीचं अंतर आहे." पंचविशीत कोकण सोडून ते पिंपरीला आले आणि पुढची तीस वर्षं शिवत राहिले. लग्न केलं नाही. संत तुकाराम नगरात एका खोलीत एकटे राहत. कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली नाही तर उभे राहून येत.

मी स्टोअरला होतो, म्हणून मला ते साहेब म्हणत. माझी त्यांची खरी ओळख झाली ती माझी बायको गेली त्या वर्षी. मुलगी बेंगळुरूला. वाकडला चौदाव्या मजल्यावरच्या घरात मी एकटा उरलो होतो, आणि शिफ्ट सुटली तरी काही ना काही काम काढून कंपनीत रेंगाळत होतो. एका संध्याकाळी तांडेल माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले की घरी एक मोठं कापड आहे, त्याचं दुसरं टोक धरायला माणूस हवाय. त्यांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही, याचं मला इतकं बरं वाटलं की मी लगेच उठलो.

ते शीड होतं. जाड सुती कापडाच्या पट्ट्या जोडत त्यांनी ते खोलीतल्या जुन्या मशीनवर शिवायला घेतलं होतं. खोलीत ते मावत नसे, म्हणून आम्ही बिल्डिंगच्या गच्चीवर पसरायचो. शेजाऱ्यांना वाटे, मंडळाच्या मांडवाचं काम चाललंय. तीन-चार महिने मी आठवड्यातून दोनदा जाऊन टोक धरलं. एकदा मी त्यांना म्हणालो, सीटवर तुमची शिवण शोधूनही सापडत नाही आणि इथे इतकी ठसठशीत का. ते म्हणाले, "सीटची शिवण लपवायची असते साहेब. शिडाची दिसायला हवी. कुठून फाटणार ते आधी कळलं पाहिजे."

शीड पुरं झालं तसा कँटीनच्या फळ्यावर त्यांच्या गोल अक्षरात एक कागद लागला. शिडाच्या होडीने समुद्रातली बेटे पाहणे, पाच दिवस, होडीला इंजिन नाही, प्रत्येकाला काम करावे लागेल. खाली माझं धरून अकरा नावं पडली. लोक उत्साहाने विचारत, मासे मिळतील का, पोहता येईल का. तांडेल प्रत्येकाला सविस्तर उत्तर देत. त्या महिन्यात ते कामावर शीळ घालत, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

ठरलेल्या संध्याकाळी निगडीच्या बस थांब्यावर मी पोचलो तर तांडेल गुंडाळलेल्या शिडावर हात ठेवून उभे होते. बाकी कोणी आलं नाही. एकाला ओव्हरटाइम लागला, एकाच्या सासूबाई आजारी पडल्या, उरलेल्यांनी फोनच उचलले नाहीत. बस लागली तेव्हा त्यांनी खिशातली यादी काढली, तिची बारीक घडी केली आणि म्हणाले, "तुम्ही पण घरी गेलात तरी चालेल साहेब. मला राग नाही." मी शिडाचं एक टोक उचललं. खरं सांगायचं तर तो माझा मोठेपणा नव्हता. मला घरी जायचं नव्हतं.

बसमध्ये त्यांनी मला पहिल्यांदाच अडचण सांगितली. होडी हाकायला किमान तीन माणसं लागतात. दहा जण गळल्यावर तिसरा एकच उरत होता, त्यांचा धाकटा भाऊ दिगू. आणि दिगूशी ते तीस वर्षं बोलले नव्हते. वडील वारल्यावर दिगूला होडीला इंजिन बसवायचं होतं, यांना ते नको होतं. शब्दाने शब्द वाढला आणि दिगू म्हणाला, "तुका वारो होयो, तर जा वाऱ्याबरोबर." हे दुसऱ्या दिवशी एसटीत बसले. गावातली मामेबहीण मधे होती, तिच्याकडून त्यांनी होडी पाण्यात लोटून ठेवायचा निरोप धाडला होता. ती कोण लोटणार हे त्यांनी विचारलं नव्हतं.

सकाळी खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा गुडघाभर पाण्यात एक उंच, काळा माणूस होडी धरून उभा होता. तांडेल त्याच्यापासून दोन हातांवर थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तेका विचार, येतलो काय."

कंपनीत ते साधी मराठी बोलत, मला तुम्ही म्हणत. वाळूवर पाय पडताच मालवणी आली आणि मी तू झालो. मी त्या माणसाकडे वळून विचारलं. तो समुद्राकडे बघत म्हणाला, "तेंका सांगा, होडी माझी पण असा."

मी तेही सांगितलं, जणू त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

होडीत चढण्याआधी तांडेल तिच्या अंगाला हात लावत एक फेरी मारून आले. लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत होतं, माशाच्या तेलाचा उग्र वास येत होता. तीस वर्षं वापरात नसलेली होडी खरं म्हणजे कुजून जायला हवी. दिगूने मासेमारीसाठी इंजिनाची दुसरी होडी घेतली होती, आणि ही दर वर्षी वर ओढून, तेल लावून, माडाच्या झापांनी झाकून ठेवली होती. हे मला त्याने नंतर सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. तांडेलांनी काहीच विचारलं नाही. ते शीड बांधायला बसले, आणि एक गाठ त्यांनी तीनदा सोडून पुन्हा मारली.

ते पाच दिवस मी आयुष्यात केलं नाही इतकं काम केलं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटे, त्यावर आम्ही बाहेर पडायचो. दुपारी खारा वारा उलटा येई, त्यावर एखाद्या बेटाला लागायचो. शाळेत भूगोलात पाठ केलेले हे दोन वारे खरोखर असतात, हे मला पन्नाशीत कळलं. माझ्याकडे शिडाची दोरी होती. ती कधी ओढायची, कधी सैल सोडायची, हे तांडेल सुकाणूवरून सांगत. मधल्या वेळात तळात झिरपलेलं पाणी कापलेल्या डब्याने उपसायचं. दुसऱ्या दिवशी माझ्या तळव्यांना फोड आले. तांडेलांनी ते बघितले आणि म्हणाले, "आता हात तुझे झाले. आदी ते पेनाचे होते."

बेटांवर माणूस नव्हता. एकावर नुसते खडक आणि पाणकावळे, एकावर थोडी वाळू आणि गोड्या पाण्याची इवलीशी विहीर. दुपारी आम्ही तीन दगडांवर भात आणि आमटी करायचो, शिडाच्या सावलीत जेवायचो. तिघांत बोलणारा मी एकटा. "तेका विचार, मीठ घातलंस काय." "तेंका सांगा, घातलंय." "तेका सांग, नांगर वायच पुढे टाक." मी मधे बसून हे निरोप पोचवत होतो. पहिल्या दिवशी हसू आलं, तिसऱ्या दिवसापर्यंत सवय झाली. एक गोष्ट मात्र लक्षात आली. घरी महिनोन्महिने माझ्या तोंडून दिवसाला चार वाक्यंही निघत नव्हती; इथे मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत होतो, आणि त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटच्या बेटाच्या टोकाला आम्ही वळसा घालत होतो. खडकाच्या आडून बाहेर पडलो आणि वारा एकदम अंगावर आला. शीड फाडकन भरलं, होडी एका कुशीवर कलली. दोरी मी आळसाने तळव्याभोवती गुंडाळून घेतली होती, करू नको म्हणून तांडेलांनी दहादा बजावलेलं. ती आवळली आणि माझा हात बाकाच्या कडेशी जखडला. दिगू पुढे नाळेपाशी, होडीच्या टोकाला होता. तांडेलांना सुकाणू सोडता येईना. मला दिसलं की ते माझ्याकडे बघून म्हणाले, तेका सांग. पण माझ्या तोंडून आवाज फुटेना. पाणी आत येऊ लागलं.

तेव्हा तांडेल ओरडले, "दिगू, शीड!"

"सोडलंय, दादा."

त्याने आधीच सोडलं होतं. हाक मारायच्या आतच त्याचा हात दोरावर गेला होता. शीड धाडकन खाली आलं, होडी सरळ झाली. मग दिगू सरकत मागे आला, माझा हात मोकळा केला. तांडेलांनी खांद्यावरचा पंचा फाडून त्याची पट्टी बांधली. तिच्यावर रक्त उमटलं तेव्हा दोघंही माझ्या तळव्यावर वाकलेले होते. त्यांची डोकी एकमेकांना जवळजवळ लागली होती.

मला वाटलं, झालं. आता बोलतील. थोड्या वेळाने होडी चालू लागली आणि तांडेल म्हणाले, "तेका सांग, पाणी उपस."

पाचव्या दिवशी आम्ही किनाऱ्याला लागलो. शीड उतरवून, वाळवून, घडी करून तांडेलांनी ते पिंपरीला परत न नेता होडीतच ठेवलं. दिगूने मला एकट्याला घरी चहाला बोलावलं आणि माझा फोन नंबर लिहून घेतला.

पुढच्या वर्षी तांडेल निवृत्त झाले. कंपनीने शाल-नारळ दिला, सुपरवायझरला भाषण करताना रडू आलं. सगळ्यांना वाटलं, आता ते गावी जातील. ते गेले नाहीत. त्या खोलीतच राहिले, शेजाऱ्यांचे परकर, पिशव्या शिवत. मी रविवारी जायचो. दर रविवारी जायचो असं म्हणायला आवडलं असतं; वाकडहून पिंपरी अर्ध्या तासाची, तरी कितीतरी रविवार मी गॅलरीत बसून घालवले. एकदा विचारलंच, गावी का जात नाही म्हणून. त्यांनी सुईत दोरा ओवला. मग म्हणाले, "तिथे मी पाहुणा साहेब. इथे कोणी विचारतच नाही, पाहुणा की घरचा."

दिगूचे निरोप मात्र माझ्या फोनवर येऊ लागले होते. तेंका सांगा, आंब्याची पेटी धाडलंय. मी सांगायचो. तेका सांगा, पोचली. मी कळवायचो. दोन वर्षं असं चाललं. मग एका एप्रिलमध्ये दिगूचा आवाज जरा वेगळा वाटला. तो म्हणाला, "तेंका सांगा, होडयेक तेल लावचा असा. माका आता एकट्यान जमणा नाय." मी त्याच संध्याकाळी पिंपरीला गेलो आणि शब्दन् शब्द सांगितला. तांडेलांनी तो मला पुन्हा म्हणायला लावला. मग म्हणाले, "बघू."

दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तर दाराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, तांडेल गावी गेले, कायमचे. टेम्पोत मशीनही नेलं. "तुम्हाला नाही सांगितलं?" त्यांनी नवलाने विचारलं. मी म्हणालो, सांगितलं होतं, मीच विसरलो.

मला राग आला होता का? थोडा आला होता. जिना उतरताना वाटत होतं, एवढा निरोप तरी माझ्यासाठी ठेवायला हवा होता. पण निरोप ठेवायचा तर तो कोणाजवळ? त्यांचे सगळे निरोप नेणारा मीच.

आठ दिवस थांबून मी दिगूला फोन लावला. त्याने घाईत उचलला. "हां, इलो तो. बरो असा. थांबा, देतंय," म्हणाला आणि फोन कुठेतरी ठेवला. तेलाच्या डब्याचा आवाज आला, पाण्याचा आला, कोणीतरी लाकडावर हात मारला. मग दोन आवाज.

"दादा, थयसून धर."

"थयसून नाय. तू आदी वरसून लाव."

"तेल सांडात."

"सांडू दे रे. सांडला तर होडयेतच सांडतला."

ते बोलत राहिले. आधी तेलावरून वाद झाला, मग कुठल्याशा खिळ्यावरून, मग वडिलांनी तो खिळा कुठून आणला होता त्यावरून. दोघंही मोठ्याने बोलत होते, तीस वर्षांचं साठलेलं असावं तसे. मी वाकडच्या गॅलरीत फोन कानाला लावून उभा होतो, खाली कंपन्यांतून सुटलेल्या गाड्यांची रांग लागली होती. एक हाक मारली असती तर दोघंही धावत आले असते, साहेबांना विसरलो म्हणून ओशाळले असते. मी हाक मारली नाही. फोन तिकडूनच कधीतरी बंद पडला.