अहो आणि अहेड

सिंगापूरला चोआ चू कांगमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर आल्प्समधल्या एका नदीच्या खोऱ्याचा नकाशा लावलेला असायचा. देवांना रोज फूल मिळायचं आणि नकाशाला पेन्सिलीची एखादी नवी रेघ. आमचे हे मरीन इंजिनिअर, शेवटी शेवटी चीफ. वर्षातले निम्मे महिने जहाजावर, तेही इंजिनरूममध्ये, जिथून समुद्रसुद्धा दिसत नाही. अशा माणसाला डोंगरातल्या रस्त्यांचं वेड लागलं तर नवल नाही. पण ह्यांना घाट चढायचे नव्हते, शिखरं गाठायची नव्हती. ह्यांना सायकलवरून हिंडायला फक्त शांत रस्ते हवे होते.

त्याचा एक नियमच त्यांनी करून ठेवला होता. "खोऱ्याला काठ दोन. एका काठाने हायवे जातो, रेल्वे जाते, ट्रक जातात. मग दुसऱ्या काठावरचा जुना रस्ता मोकळाच राहतो. सफरचंदाच्या बागांमधून, गोठ्यांच्या मागून, गावातून गावात. आपण कायम त्या दुसऱ्या काठाने जायचं. वर्दळ लागली की पूल शोधायचा आणि नदी ओलांडायची." चढ रेल्वेने चढायचा आणि नदीबरोबर सावकाश खाली यायचं, हे दुसरं कलम. मी पुण्याची. शाळा, कॉलेज, क्लास सगळं सायकलवर केलेली. मला ते कलम ऐकून हसू यायचं. "चढ रेल्वेने चढणारा सायकलस्वार पहिल्यांदाच बघतेय," मी म्हणायचे. "तू ये तर खरी," ते म्हणायचे. रिटायर झालो की जायचं, असं ठरलेलं होतं.

मग काचबिंदू निघाला. हा रोग गाजावाजा करत नाही, कडेकडेने कुरतडत येतो. एका सकाळी पार्क कनेक्टरवर, म्हणजे इथल्या बागा जोडणाऱ्या सायकलवाटेवर, हे सायकलसकट एका खांबावर आदळले आणि उठून म्हणाले, "इथे खांब कधी लावला?" तो खांब आम्ही इथे राहायला आल्यापासून तिथेच आहे. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, थेंब घालत राहा, उरलेलं टिकेल तितकं टिकेल. जहाजावर जाणं तिथेच संपलं. घरी आल्यावर ह्यांनी सायकलवर जुनी चादर टाकली, नकाशा काढून गुंडाळला आणि कपाटामागे सरकवला. मी काही बोलले नाही. मी बोलत नाही म्हणजे घरात काय अवस्था असेल ते ओळखा.

समोरचं अजून दिसत होतं. नळीतून बघावं तसं, पण दिसत होतं. ते खोरं ह्यांच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर आत्ताच, असं मला सारखं वाटायचं. आणि ह्यांचं एकच पालुपद, "आता कशाला?"

मुलगी इथेच बुओना व्हिस्टाला नोकरी करते, रविवारी जेवायला येते. वरणभात कालवता कालवता तिने विषय काढला. "बाबा, टँडेम घ्या ना. टू सीट्स, वन बाइक. सिंपल लाह."

"डबलसीट?" हे म्हणाले. "मी आजवर कुणाच्या मागे डबलसीट बसलेलो नाही."

"डबलसीट नाही हो बाबा. मागे पण पेडल असतं. पुढचा तो कॅप्टन, मागचा तो स्टोकर. स्टोकर नो नीड टू सी, ही ओन्ली पुश."

ह्यांचा घास हातातच राहिला. स्टोकर म्हणजे पूर्वी जहाजाच्या भट्टीत कोळसा घालायचा तो माणूस. "म्हणजे चीफ इंजिनिअरला शेवटी कोळसा टाकायला बसवणार तुम्ही," ते म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पण जेवण झाल्यावर गॅलरीत उभे राहून स्वतःशीच म्हणाले, "तसं इंजिनरूममधून मला कधी काय दिसत होतं? वर ब्रिजवरून कॅप्टनची ऑर्डर यायची, आम्ही जहाज चालवायचो." मी आत ताटं आवरत होते. डोळे पुसायला पदर नव्हता, म्हणून नॅपकिनने पुसले.

आम्ही भाड्याची टँडेम घेऊन समुद्रकाठच्या सायकल ट्रॅकवर गेलो. पुढे मी, मागे हे. सुरुवात झकास झाली. मग अचानक एक बाई कुत्र्याला घेऊन आडवी आली आणि मी घाबरून ओरडले, "अहो! अहो!" मागून असा काही जोर आला की आम्ही बाई चुकवून, कुत्रा चुकवून सरळ बोगनवेलीच्या कुंपणात.

"असं काय केलंत?" मी काटे काढत विचारलं.

"तूच ओरडलीस, अहेड, अहेड. दोनदा! मी फुल अहेड दिला."

"अहेड कुठे? मी अहो म्हणाले!"

जहाजाच्या इंजिनाला पुढे चालायची ऑर्डर देतात ती 'अहेड'. इतकी वर्षं कान त्या एका शब्दावर पोसलेले; वाऱ्यात आणि साखळीच्या खडखडाटात माझं 'अहो' त्यांना तेच ऐकू आलं. आम्ही कुंपणाशीच बसून पोट धरधरून हसलो. काचबिंदू निघाल्यापासून हे पहिल्यांदा हसत होते.

हसू ओसरल्यावर म्हणाले, "हे चालायचं नाही. तू मला नावाने हाक मार."

नाव! मी ते लग्नात उखाण्यात घेतलं होतं, सगळ्यांनी अडवून धरलं म्हणून. त्यानंतर बँकेत किंवा पासपोर्टच्या खिडकीवर, कुणी विचारलं तर. सासूबाईंसमोर 'अहो'ची सवय लागली ती लागलीच. मुलगी चिडवते, तिच्या मैत्रिणींना वाटायचं बाबांचं नावच 'अहो' आहे. आता भर रस्त्यात, सिंगापूरच्या उन्हात, नाव घ्यायचं म्हणजे जीभच वळेना. पहिल्यांदा घेतलं ते पुटपुटत. "ब्रिजवरून काही ऐकू येत नाही," मागून तक्रार आली. दुसऱ्यांदा ओरडले आणि कान गरम झाले. मागे पाय जागच्या जागी थांबले. त्यावर आम्ही पद्धत बसवली: नाव म्हणजे लक्ष द्या, त्यापुढचा शब्द म्हणजे ऑर्डर. ते नाव मी इथे लिहीत नाही. तेवढी एक गोष्ट मला माझ्यापाशी ठेवायची आहे.

काही रविवार गेले आणि एका संध्याकाळी मी बाजारातून आले तर नकाशा भिंतीवर होता. धूळही पुसलेली होती. मी भाजीची पिशवी ठेवली आणि देवापुढे साखर ठेवली.

सप्टेंबरात गेलो. रेल्वेने वर चढलो, टँडेम भाड्याने घेतली आणि नदीबरोबर खाली निघालो. नदीचा रंग तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा होता. पलीकडच्या काठावर ट्रक धावत होते, पण त्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. आमच्या रस्त्यावर कापलेल्या गवताचा वास, गोठे, पाण्याची दगडी टाकी आणि आम्ही. तिथे सगळं उजवीकडून चालतं, म्हणून मी जीव मुठीत धरून होते. मी दिसेल ते सांगत होते आणि हे मागून रस्ता सांगत होते. "आता गाव येईल. गाव संपलं की बागा. त्यानंतर लाकडी छपराचा पूल, तिथे नदी ओलांडायची." आणि तसंच येत होतं. मी तो रस्ता बघत होते, पण ओळख त्यांची होती. माझ्या खांद्यावरून समोरचा बर्फाचा डोंगर त्यांना दिसला तेव्हा ते म्हणाले, "जरा सावकाश." मी वेग कमी केला.

पुलावर मात्र माझा अंदाज चुकला. भर उन्हातून आम्ही एकदम छपराखालच्या काळोखात शिरलो. माझे डोळे सरावले, ह्यांचे सरावत नाहीत. मागचा जोर तुटला. "काही दिसत नाही गं," ते म्हणाले. तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. हे कुणालाही कधी घाबरलेले दिसले नव्हते. खाली नदी मोठ्याने वाहत होती. पुढे दरवर्षी थोडं थोडं असंच होत जाणार, हे आम्हा दोघांना तिथेच एकदम कळलं.

मी त्यांचं नाव घेतलं. छपराखाली ते खणखणीत वाजलं. ते पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. मला थांबा म्हणता आलं असतं.

"अहेड," मी म्हणाले.

क्षणभर काही नाही. मग पायांखाली त्यांचा जोर आला, नेहमीसारखा एकसारखा, आणि आम्ही पलीकडच्या उन्हात बाहेर पडलो. डाव्या हाताला बाग होती, झाडं सफरचंदांनी वाकलेली. मी बागेकडे बघत राहिले आणि दिसेल ते सांगायचं विसरले.

"अहो," मागून ते मला म्हणाले, लग्नानंतर पहिल्यांदाच, "काय काय दिसतंय ते सांगा ना."