आंटीच्या गाडीचं खरं काय झालं

गेल्या महिन्यात मरोळच्या आमच्या जुन्या गावठाणात एका लग्नाला गेलो होतो. मांडवाबाहेर एक तरुण खिसे चाचपत उभा होता, बाईकची किल्ली सापडत नव्हती. त्याचा मित्र म्हणाला, "आंटीची गाडी केलीस काय रे?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो, सवयीने. मग जेवणात लक्ष लागलं नाही.

त्या पोरांपैकी कुणीही आंटीला पाहिलेलं नाही. पण गावठाणात कुणी काही विसरलं की आजही असंच म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की एका म्हातारीने स्वतःच भाडेकरूला नवऱ्याची किमती गाडी विकायला सांगितली आणि आठ दिवसांनी त्यालाच विचारलं, गाडी कुठं आहे? तो भाडेकरू मी. आंटीने गाडी विकायला कधीच सांगितलं नव्हतं. ती काही विसरलीही नव्हती. हे मला माहीत असून चाळीस वर्षं मी गप्प बसलो.

आंटी म्हणजे आमची घरमालकीण. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईची मूळची मराठी बोलणारी ख्रिस्ती, गावठाणातलं जुनं घर, मागच्या अंगाला दोन खोल्या. त्यातली एक आमची. माझे वडील गिरणीत होते, मी मात्र रिक्षा घेतली आणि लग्नानंतर इथे राहायला आलो. आंटीला मूलबाळ नव्हतं. नवरा आम्ही येण्याच्या आदल्या वर्षी वारला होता आणि घराशेजारच्या कौलारू शेडमध्ये त्याची गाडी उभी होती.

ती गाडी समजावून सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी श्रीमंत लोक विलायतेहून नुसता सांगाडा मागवायचे. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बस. वरची बॉडी इथल्या कारखान्यात मालकाच्या मर्जीप्रमाणे बांधली जायची. आत सागवानाच्या फासळ्या, त्यावर हाताने ठोकून बसवलेला पत्रा. आंटीचा नवरा अशाच एका कारखान्यात सुतार होता. एका शेठसाठी बांधलेल्या या गाडीचं लाकूडकाम त्याच्या हातचं. पुढे शेठने ती विकली, आणखी दोन-तीन हातांतून ती फिरली, पार खिळखिळी झाली, तेव्हा हा सुतार तिचा माग काढत गेला आणि स्वतःच विकत घेऊन आला. खाली मोरपंखी, वर लोण्यासारखा रंग, आणि दरवाजा लावला की कपाट लावल्यासारखा मऊ आवाज. "तुज्या रिक्षेचा दार कवा असा वाजतो?" आंटी मला विचारायची. "आंटी, रिक्षेला दारच नसतं," मी म्हणायचो. "तेच बोलते मी."

दर रविवारी ती मासहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, आली की मी गाडी चालू करून दाखवायचो. कधी चर्चपर्यंत एक फेरी. आंटी पुढे माझ्या शेजारी बसायची, लुगड्याचा पदर डोक्यावर, आणि वाटेत भेटेल त्याला नमस्कार करायची.

तिच्या बोलीत शब्दाच्या मधल्या-शेवटच्या ड आणि ढ दोन्हींचा र व्हायचा. गाडीची गारी, आणि काढचं कार. रविवारी ती हाक मारायची, "बाला, गारी कार." माझी मालवणी बायको 'कार' ऐकून हसायची, म्हणायची, आंटी विंग्लिश बोलता.

त्या उन्हाळ्यात वाकोल्याचा एक गॅरेजवाला दोनदा येऊन गेला. गाडी द्या म्हणाला. आंटीने त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "बगू." नाही म्हणाली नाही. मला वाटलं, मनात आहे हिच्या. खरं सांगायचं तर तसं वाटून घेणं माझ्या सोयीचं होतं. माझी रिक्षा रस्त्यावर उभी असायची. एकदा बॅटरी गेली, एकदा कुणीतरी सीट फाडली. ती शेड मला हवी होती. आंटीकडे मी ती कधी मागितली नाही, पण रोज येता-जाता बघायचो.

मे महिन्यात ती आठ दिवस गोराईला बहिणीकडे निघाली. पिशवी घेऊन पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "सोमवारी कौलवाला येल. गारी कार." आणि गेली.

आमच्या रिक्षा स्टँडवर कुणी नवी रिक्षा घेतली तरी 'काढली' म्हणायचे आणि हप्ते झेपेनात म्हणून विकायला लावली तरी 'काढली'च म्हणायचे. मी 'काढ' ऐकलं आणि माझ्या मनात जे होतं तेच ऐकलं. कौलवाल्याचं वाक्य कानावरून गेलं. मी वाकोल्याला जाऊन मालकिणीचा निरोप म्हणून सांगितलं, आणि शनिवारी तो गॅरेजवाला टेम्पो घेऊन आला, दोर लावला आणि गाडी ओढत घेऊन गेला. संध्याकाळी माझी रिक्षा शेडमध्ये.

इथवरचं मी चूक म्हणू शकतो. सोमवारी कौलवाला आला. रिकामी शेड बघून म्हणाला, "बरं झालं, आंटी बोललेली, गाडी बाहेर काढून ठेवायला सांगते म्हणून. नाहीतर कौल पडून काच फुटायची." मी शिडी धरून उभा होतो. त्या क्षणी मला सगळं समजलं. गाडी तेव्हा वाकोल्यात अख्खी होती. मरोळहून वाकोला असं किती लांब? पण सौदा मोडायचा, त्या माणसाचे हातपाय धरायचे, रिक्षा परत रस्त्यावर लावायची, हे सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मी शिडीच धरून राहिलो. बुधवारी गेलो. तोवर इंजिन बाहेर आलं होतं आणि पत्रा सोलला होता.

आंटी गोराईहून सुकी मासळी घेऊन आली. आमच्यासाठी बोंबलांची जुडी वेगळी बांधून आणली होती. ती माझ्या हातात देत शेडकडे बघून म्हणाली, "गारी कुठं सारलीस?"

"आंटी, विकली ना. तुम्हीच बोललात, गाडी काढ म्हणून." पैशाचं पाकीट मी पुढे केलं.

"मी बोलली?"

"हो. जाताना. पायरीवर."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बोलली असंल," आणि घरात गेली.

गाव दोन दिवस मला विचारत होतं. मी सगळ्यांना तेच सांगितलं, आणि वर म्हणालो, वय झालंय आता. त्यातून ती गोष्ट तयार झाली. चर्चबाहेर लोक प्रेमाने तिची थट्टा करायचे, "काय आंटी, आज काय विकलं?" तीही हसायची. पण आठवण राहावी म्हणून पदराला गाठी मारायला लागली. आंटीचा बाटली मसाला गावात नावाजलेला होता. वीस-पंचवीस जिन्नस, सगळं माप तोंडपाठ, कागद कधी नाही. त्या वर्षी मसाला कुटताना ती माझ्या बायकोला सारखी विचारत होती, "हळद टाकली का गं मी? टाकली ना?" शेवटी म्हणाली, तू बघ आणि सांग, माझा भरवसा नाही.

बायको घरात आली आणि मला म्हणाली, "म्हातारेक येडी केल्यात तुमी. गाडी गेली ती गेली. पण आता तिचो स्वतःच्या डोक्यार इस्वास रवलो नाय." जाताना आंटी काय बोलली ते तिनेही ऐकलं होतं. मी कौलवाल्याचं निमित्त काढून बाहेर पडलो. कौलं तर केव्हाच चढली होती.

पुढे एका रविवारी आंटी म्हणाली, "इकली तर इकली. पन हाय कुठं ते तरी बगू." आणि माझ्या रिक्षेत येऊन बसली. असे आमचे रविवार सुरू झाले. मला भीती वाटायची, आणि खोटं कशाला बोलू, मजाही यायची. ती डबा घ्यायची, वाटेत मला वळणं शिकवायची आणि प्रत्येक सिग्नलला म्हणायची, आमची गारी असती तर ट्रॅफिकवाल्याने सलाम केला असता.

वाकोल्याचा गॅरेजवाला तिला बघून चपापला. "आंटी, तुमचा माणूस आला, बोलला मालकिणीने सांगितलंय. मी काय जबरदस्तीने नेली नाही."

"हां रं. मीच सांगितला," आंटी म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याने सांगितलं, इंजिन आणि पत्रा भंगारात गेला, मागची सीट खारदांड्याला एका मित्राने नेली, लाकूड चारकोपच्या एका सुताराने. पुढच्या रविवारी खारदांडा. कोळ्याच्या ओट्यावर ती सीट होती. लाल चामडं उन्हाने फुटलेलं, आणि त्यावर एक म्हातारा पाय वर घेऊन बसलेला. आंटी त्याच्या शेजारी जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा या गाडीच्या मागच्या सीटवर बसते, म्हणाली. त्या घरच्या कोळ्याने, म्हणजे गॅरेजवाल्याच्या मित्राने, ओळखलं ही गाडीची मालकीण. म्हणाला, "न्या खुशाल, आंटी. पन माजे बापाला बी न्या सोबत. तो उठाचा नाय." आंटी इतकी हसली की ठसका लागला. सीट तिने तिथेच ठेवली. म्हाताऱ्याला शोभते म्हणाली.

चारकोपला तेव्हा सेक्टरची घरं उठत होती आणि बाजूला छोट्या कारखान्यांचे गाळे. त्या सुताराने सरळ लाकडाच्या चौकटी करून विकल्या होत्या. वाकड्या फासळ्या तेवढ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. "वाकड्याचं करू काय? पण तोडवत नाही," तो म्हणाला. "सांधा बघा, नख जात नाही. कुणाच्या हातचं काम आहे हे?"

"माज्या मालकाच्या," आंटी म्हणाली. फासळीवर तिने तळहात ठेवला होता.

"आणि अशी गाडी विकली कुणी?"

"मी. माजा डोका फिरला, बाला. वय झाला ना."

परक्या माणसासमोर, इतक्या सहज. मला तिथे उभं राहवेना. परत येताना कांदिवलीला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं तसा मी थांबलो. दोन ग्लास आणले, आणि ती अर्धा ग्लास प्यायल्यावर सगळं सांगितलं. पायरीवरची दोन्ही वाक्यं, शिडी, सोमवार, बुधवार. शेडसुद्धा.

तिने मला कौलवाल्याचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

"मंजे माजा डोका बरा हाय," ती म्हणाली.

"हो आंटी."

"मंजे मी नाय बोलली, इक म्हणून."

"नाही."

तिने दुसरा ग्लास मागितला. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी बघितला नव्हता, आणि तो बघणं मला जड गेलं. रस संपवून तिने छत्रीने माझ्या गुडघ्यावर एक हाणली. मग आणखी एक. "गारी इकलीस, तो एक गुना. दुसरा त्याच्यापेक्षा मोठा." घराशी उतरताना म्हणाली, "मना सांगितला. आता गावाला सांग. रविवारी, मासनंतर, सगल्यांच्या समोर."

मी हो म्हणालो.

त्या रविवारी मी चर्चबाहेर गेलो होतो. आंटी पायऱ्यांवर थांबली, माझ्याकडे वळून उभी राहिली. कुणीतरी नेहमीसारखं विचारलं, आंटी, आज काय विकलं? मी रिक्षेची काच पुसत राहिलो. तिने थोडा वेळ वाट बघितली आणि छत्री उघडून घरी निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी भाडं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी. तिने पुन्हा कधी आठवण केली नाही. आमच्याशी पहिल्यासारखी वागली. शेडमधून रिक्षा मी काढली होती, तर म्हणाली, राहू दे, पावसात कुठं ठेवशील. पुढचा मसाला तिने एकटीने केला, कुणाला काही न विचारता, आणि एक बाटली माझ्या बायकोच्या हातात आणून दिली.

तीन वर्षांनी ती गेली. दफनानंतर गावातला एक जण तिच्या आठवणी सांगायला उभा राहिला आणि त्याने ती गोष्ट सांगितली. रडणारी माणसं हसली. मीही हसलो. बायको माझ्याकडे बघत होती.

बायकोही आता नाही. त्या लग्नाहून आल्यावर मी हे लिहायला बसलो. लिहून झाल्यावर आंटीच्या बहिणीच्या नातीला फोन केला. ती आता त्याच घरात राहते. तिला सगळं वाचून दाखवलं आणि म्हणालो, मासनंतर चर्चबाहेर वाचायचं आहे, फादरना विचारशील का?

ती म्हणाली, "अंकल, ज्यांना सांगायचं ते तर सगळे गेले. आता कशाला?"

मी तिला त्या बाईकवाल्या मुलाचं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "या रविवारी सणाची मिटिंग आहे, कुणी ऐकणार नाही. पुढच्या रविवारी या. खुर्ची ठेवते, तुम्हाला एवढा वेळ उभं राहवणार नाही."