साडेचारचा मिसकॉल

फोनवर ‘आक्का’ असं नाव आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. घड्याळात साडेचार, म्हणजे फोन वेळेवरच होता. दोन रिंगा झाल्या की तो बंद व्हायचा, तसा आमच्या दोघींचा नियम होता. त्या दिवशी तिसरी रिंग झाली, चौथी झाली... उचलला तर पलीकडून दाजी, आक्काचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. म्हणाले, “शालन, आक्का गेली गं.” आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, “का, परत कावळा शिवला वाटतं?” वर हसलेसुद्धा. मागून बायकांचं रडणं ऐकू आलं तेव्हा मला कळलं. दीड महिना झाला या गोष्टीला, पण माझंच ते हसणं माझ्या कानातून जात नाही.

हा कावळा कुठला, ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई वेडी आहे. आमच्या भागात डोक्याला कावळा शिवला तर ते मरणाचं लक्षण धरतात. त्यावर जुन्या लोकांनी उतारा काढलाय तो असा, की ते माणूस गेल्याचा खोटा सांगावा त्याच्या नातलगांना धाडायचा. त्यांनी खरं समजून रडायचं. रडलं की मरण फसतं आणि माघारी जातं. दहाबारा वर्षांपूर्वी आक्का पलूसला गच्चीवर कुरडया वाळत घालत होती आणि कावळ्यानं तिच्या डोक्यावर चोच मारली. तिच्या सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी धोशा लावला की सांगावा गेलाच पाहिजे. मग घरात विचार झाला की मनापासून रडणारं कोण? सगळ्यांनी एका तोंडानं माझं नाव घेतलं. मी तेव्हा मिरजेत एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होते. दाजींचा फोन आला, आवाज दाटलेला. तो हसू दाबल्यानं दाटला होता, हे मला कुठून कळणार... हातातले केसपेपर तसेच टाकून मी निघाले आणि एसटीत पलूस येईपर्यंत रडले. शेजारच्या अनोळखी बाईनं माझं डोकं खांद्यावर घेतलं, मग तिला तिची कोण आठवली आणि तीही रडायला लागली. पोचले तर आक्का सोप्यात पाय पसरून शिरा खात बसलेली. मला बघून म्हणाली, “आली बघा. कुठनं रडत आलीस गं, मिरजंपासनं का सांगलीपासनं?”

“मिरजेपासून,” मी म्हटलं.

“मंग शंभरी पक्की माजी. बस, शिरा खा.”

मी तिच्या दंडात गुद्दा घातला आणि तिच्याच मांडीवर डोकं ठेवून परत रडले. सासूबाई खूश झाल्या, रडणं दुप्पट झालं म्हणून.

मी मुळातच भित्री भागूबाई. आई दिवसभर रानात, त्यामुळे सात वर्षांनी मोठ्या आक्कानंच मला वाढवलं, आणि माझी भीतीही तिनंच वागवली. दारात पोतराज आला, आसूड कडाडला, की मी कणगीमागं. आक्कानं एकदा मला बखोटीला धरून त्याच्यासमोर उभं केलं आणि त्यालाच विचारलं, “आवं, लागतं का वं तुमास्नी?” तो हसला, म्हणाला, “रोज मारल्यावर कशाचं लागतंय, बाय.” मग तिनं माझा हात धरून त्या आसुडावर ठेवला. नुसता दोर होता, घामानं ओला झालेला. “बघ, भ्यायचं तर भ्यायचं, पर हात लावून भ्यायचं,” असं तिचं म्हणणं. मी तेव्हा हात लावला तो ती शेजारी होती म्हणून.

खोट्या सांगाव्यानंतर मात्र मला फोनचाच धसका बसला. शेवटी आक्कानं तोड काढली. रोज साडेचारला ती मिसकॉल देणार, दोन रिंगा. त्याचा अर्थ, जिवंत हाय. मी उचलायचा नाही, बोलायचं असेल तर रात्रीची जेवणं झाल्यावर. पुढं फोनवर बोलणं फुकटासारखं झालं तरी तिनं मिसकॉल सोडला नाही. आणि वर मला बजावून ठेवलं होतं, “खरंच मेले तर मीच फोन करून सांगन. दुसऱ्या कुणावर इस्वास ठेवू नगंस.” असल्या बोलण्यावर मी कानावर हात ठेवायचे, मग ती आणखी बोलायची. चौकातले फ्लेक्स वाचायचं तिला भारी वेड. वाढदिवस असो की श्रद्धांजली, फोटोतला माणूस कानाला मोबाइल लावूनच का असतो, हा तिचा कायमचा प्रश्न. “वाढदिवसाचं कळतंय मला. पर मेलेला माणूस कुणाशी बोलाय लागलाय?” असं म्हणून स्वतःच हसायची. मग म्हणायची, “माजाबी तसलाच लावा. शाली बघंल आन् म्हणंल, लागला बाई फोन.”

तिच्या पोरांनी लावला. तेराव्याला पलूसच्या चौकात आक्का भल्यामोठ्या फ्लेक्सवर, हिरव्या साडीत, कानाला मोबाइल. लोक म्हणत होते, किती जिवंत फोटो आहे. मी मान वर केली नाही. पदर तोंडावर घेऊन त्याच्याखालून गेले, कारण ती कुणाला फोन लावत होती ते मला ठाऊक होतं.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. त्या दिवशी साडेचारच्या आधी, पावणेतीनला, आक्काचा एक फोन येऊन गेला होता. पूर्ण वाजला. मी तो उचलला नाही. घरच्यांना सांगितलं की मिसकॉलच वाटला, तिचं घड्याळ पुढं गेलं असेल. खोटं आहे ते. मला वेळ दिसत होती, रिंग थांबत नव्हती हेही ऐकू येत होतं. मी ओट्याला पाठ लावून फोनकडे बघत उभी राहिले आणि मनात म्हणत राहिले, बंद हो बाई, बंद हो... झाला बंद. मी परत लावलासुद्धा नाही. भ्याले, एवढंच. आणि पावणेदोन तासांनी साडेचारला नाव दिसलं तेव्हा कुणीतरी मानेवरची सुरी काढून घेतल्यासारखं वाटलं, म्हणून तर हसले.

दीड महिना मला एकच प्रश्न पोखरत होता. पावणेतीनला फोन कुणी लावला होता? दाजींनी लावला असेल तर एक वेळ ठीक. पण आक्कानं लावला असेल, मला हाक मारली असेल, तर? विचारायला दाजी होते, समोर होते. दहाव्याला विचारलं नाही, तेराव्याला विचारलं नाही. दहाव्याला घासाला कावळा शिवेपर्यंत सगळे नदीकाठी उभे होते, कुणी म्हणालं हिची काही इच्छा राहिली असेल, आणि मी नजर पाण्याकडे वळवली. तेवढ्यात तो शिवला, तर मला वाटलं हा तरी खरा की हाही खोटा.

गेल्या रविवारी मात्र गेले. दाजी सोप्यात एकटेच होते. आक्काचा फोन तिच्या जागेवर, कोनाड्यात, चार्जिंगला लावलेला. मी त्याच्याकडे न बघता बसले. चहा झाला, उसाला पाणी कधी सुटलं ते झालं, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग मी विचारलं.

“पावणेतीनला? ती लावत हुती,” दाजी म्हणाले. “छातीत कळ आलेली. गाडी यायची हुती शेजारच्यांची, मिरजंला न्यायचं ठरलेलं. हितंच पायरीवर बसली आन् म्हणली, शालीला कळवते, ती दवाखान्याच्या दारात हुभी ऱ्हाईल.”

मला उठून जायचं होतं.

“तू उचलंनास. मी म्हणलं, परत लाव. तर म्हणली, नगो. भ्याली आसंल ती. ऱ्हाऊ द्या, दारात गेल्यावर बघंलच की मला.” दाजींनी कोनाड्यातल्या फोनकडे बघितलं. “हासली बी. तासगावच्या अलीकडं गाडीतच गेली बघ. माजा फोन गडबडीत घरीच ऱ्हायला, म्हणून तुला तिथनं तिच्या फोनवरनंच सांगितलं. वेळ कुठली हाय ते ध्यानात न्हाई आलं माज्या.”

दीड महिना मी रडले नव्हते. रडले की ते खरं होईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. त्या दिवशी पलूसपासून मिरजेपर्यंत रडत आले, उलट्या दिशेनं. पण त्यानं कुणाची शंभरी भरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते आणि फोन वाजला. साडेचार. नाव, आक्का. मी जाताना दाजी पुटपुटले होते की तिच्या फोनला रिचार्ज मारलाय, चालू ठेवलाय, ते आठवत होतं, तरी अंगावर सरसरून काटा आला. एक रिंग, दुसरी रिंग. नियमाप्रमाणे आता तो बंद होणार होता. मेथी हातात तशीच. मी उचलला.

पलीकडून श्वास तेवढा ऐकू येत होता.

“उचलायचा नसतो गं त्यो,” दाजी म्हणाले. “मिसकॉल हाय.”

“माहीत आहे.”

“भ्यालीस व्हय?”

“लय भ्याले, दाजी.”

“तरी उचललास न्हवं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.