मुसाफिरखान्यातली माझी सही

अक्षर वाईट आहे, चुका होतील, माफ करा. आज दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि गुजरातेतल्या पलसाण्याचा इंग्रजांच्या वेळचा मुसाफिरखाना आठवला. भिंतीत घोडे बांधायच्या कड्या, छप्पर खचलेलं, आत चोरून दारू मिळे. त्या दुपारी नवऱ्याला आणायला गेले, तर हे बाकावर थंड पडलेले.

मालक म्हणाला, “बेन, उधारी तुमच्या नावावर छे.”

“माणूस गेला माझा, शेठ.”

“सही तर आहे ने.”

सही माझीच होती. खोलीच्या भाड्याचा कागद आहे असं सांगून ह्यांनीच करवली होती. गुजराती वाचता येत नव्हतं, पण अंगठा नाही, सही करते, याचाच गर्व.

सहा वर्षं मजुरीवर साड्यांचे सुटे धागे कापून उधारी फेडत गेले, गुजराती वाचायला शिकले. शेवटचे पैसे देण्याआधी तो कागद अख्खा वाचला. मग मोजून दिले. सगळे फिटले.