भिंत अचानक येते

तरणतलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘का-मावशी’ म्हणत. मूल पाण्याला घाबरलं की त्या ‘घाबरू नकोस’ म्हणत नसत. ‘नक्की कशाला घाबरतोस? नाकात पाणी जाईल याला, की पाय टेकणार नाहीत याला?’ असं विचारत. घरी मात्र त्यांच्या प्रश्नांनी सगळ्यांचं डोकं उठायचं. ‘भाजी कुठली करू विचारलं, तरी ही उलट मलाच विचारत बसते,’ असं त्यांची धाकटी बहीण वैतागून सांगायची.

या बहिणीची मुलगी माशासारखी पोहायची. एका आजारपणात तिची नजर गेली. आजारातून उठल्यावर मावशींनी तिला पुन्हा पाण्यात उतरवलं, आणि थोड्याच दिवसांत ती भर वेगात भिंतीवर आदळली. कपाळाला हे मोठं टेंगूळ. तिनं पोहणं सोडलं. ‘पुरे झालं तुझं शिकवणं,’ बहीण मावशींवर भडकली.

मावशी भाचीच्या खाटेवर जाऊन बसल्या.

‘राग भिंतीचा आलाय, की ती अचानक येते त्याचा?’

‘अचानक येते त्याचा.’

‘बरं. अचानक येत नाही, असं काय असतं?’

नको असतानाही भाचीला हसू फुटलं. ‘आपल्या नळाचं पाणी. आधी नळ खाकरतो.’

‘मग भिंतीलाही खाकरायला लावू या?’

‘डोकं पाण्यात असतं गं मावशी! काय ऐकू येणार?’

‘मग पाण्याच्या वर काय असतं?’

भाची ताडकन उठून बसली. ‘पाठ!’

आधी त्यांनी लेनवर दोऱ्या लोंबत्या सोडून पाहिल्या. त्या हातात अडकल्या. मग बागेचा रबरी पाइप आणून त्याला भोकं पाडली आणि भिंतीच्या अलीकडे, पाण्याच्या वर आडवा बांधून नळाला जोडला. पाठीवर धार पडली की समजायचं, भिंत आली. ‘अजून मागे घे,’ भाची पाण्यातून सांगायची, मावशी पाइप सरकवायच्या. हळूहळू तिचे हात बिनधास्त पडू लागले.

तलावाच्या वार्षिक शर्यतीत ती डोळस मुलींबरोबर उतरली. दोन्ही टोकांना पाइप सोडले होते. जाताना ती मागे होती. पण पाठीवर धार लागताच तिनं झकास वळण घेतलं आणि येताना एकेकीला मागे टाकत सुटली. शेवटच्या धारेखाली तर तिनं वेग आणखी वाढवला. तिचा हात भिंतीला टेकला, तेव्हा बाकीच्या अजून पाणी कापत होत्या.

काठावर मावशी शिट्टीवर शिट्टी फुंकत होत्या. बहीण चपलांसकट पाण्यात उतरली आणि तिनं लेकीला कडकडून मिठी मारली.